ज्याचे त्यालाच विचारावे

मराठी भाषेत 'कैवार' हा मोठा जोरकस शब्द आहे. कोणी दुबळ्यांचा कैवार घेतो, कोणी गरिबांचा कैवारी म्हणून ओळखला जातो, आणि अशा स्त्री-पुरुषांची चरित्रे आम्ही शिक्षक वर्गात मोठ्या आवडीने शिकवितो. परंतु ह्या शब्दाची घडण जरा न्याहाळून पाहावी. कैवार नेहमी दुसऱ्याचा घ्यावयाचा असतो. घेणारा बोलतो, आणि ज्याचा घेतला जातो तो बहुधा बाजूस गप्प उभा असतो. आपला कैवार आपणच घेणे, ह्या अर्थाचा सुटसुटीत शब्द आपल्याकडे रूढ झालेला नाही. इंग्रजीत तो गेल्या पन्नास वर्षांत चांगला रुळला आहे. आम्ही तूर्त त्यास 'आत्मकैवार' म्हणतो. जाणकारांस ह्याहून बरा शब्द सुचल्यास आम्ही तो आनंदाने पत्करू. शब्द कोणताही असो, ती वस्तू आपल्याकडे यावयास हवी. आणि ज्यांच्या बाबतीत ती सर्वांत उशिरा येत आहे, अशा तरुण मंडळींविषयी आम्हांस ह्या अंकात लिहावयाचे आहे.

मनोर, पालघर, बोईसर ह्या पट्ट्यातील बहुतेक वाचकांनी असे एखादे मूल पाहिले असेल : डोळे किंचित तिरके, चेहरा जरा चपटा, मान आखूड, अंग सैल. गावात कोणी त्यास 'भोळा' म्हणतात, कोणी 'वेडा' म्हणतात. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी 'मंगोल' असा शब्द असे. ह्या अवस्थेचे आजचे नाव डाऊन सिंड्रोम. येथे इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांची एक गैरसमजूत दूर केली पाहिजे. 'डाऊन' म्हणजे खाली, सबब ही मुले बुद्धीने खालच्या पायरीवरची, असा अर्थ एका हुशार मुलाने वर्गात लावला होता. वस्तुतः डाऊन हे एका इंग्रज डॉक्टरचे आडनाव होय. जॉन लँग्डन डाऊन ह्यांनी १८६६ साली ह्या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळच्या समजुतीस अनुसरून त्यांनी चेहऱ्यावरून ह्या मुलांचा संबंध मंगोल वंशाशी जोडला. ती कल्पना निराधार होती, आणि मंगोलियाने हरकत घेतल्यावर १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द टाकून दिला. १९०५ साली जन्मलेला डाऊनसाहेबांचा एक नातू ह्याच अवस्थेचा होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

कारण सांगावयाचे तर थोडक्यात असे. मनुष्याच्या शरीरातील पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे असतात. ह्या मुलांत एकविसाव्या जोडीच्या ठिकाणी दोनांऐवजी तीन असतात. १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेजून, मार्थ गोतिए व त्यांचे सहकारी ह्यांनी हे उघडकीस आणले. एकविसावे गुणसूत्र तीन वेळा, म्हणून वर्षाच्या तिसऱ्या महिन्याची २१ तारीख हा दिवस जगभर ह्या व्यक्तींचा दिवस मानतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ च्या डिसेंबरात तसा ठराव केला आणि २०१२ पासून तो पाळला जातो. सुमारे आठशे ते हजार जन्मांमागे असे एक मूल जन्मते. आईचे वय पस्तिशीपुढे असल्यास संभव वाढतो, तथापि तरुण आयांच्या पोटीही अशी मुले पुष्कळ जन्मतात. ग्रहण पाहिले म्हणून, नजर लागली म्हणून, किंवा कोणाचे काही चुकले म्हणून ते होत नाही. भगताकडे खेपा घालून गुणसूत्र कमी होत नाही. त्यापेक्षा मुलाचे हृदय वेळीच तपासून घ्यावे, कारण अशा जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. कान, डोळे व कंठग्रंथी ह्यांचीही तपासणी करवावी. अंगणवाडीत व शाळेत जी सरकारी आरोग्य तपासणी होते, तीत ह्या अवस्थेची नोंद घेण्याची तरतूद आहे.

दोष कोणाचा, हा प्रश्न फार जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाची कथा आहे. शिष्यांनी प्रभूस प्रथम तोच प्रश्न विचारला : पाप ह्याचे, की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. ह्या भागावर आम्ही अनेक उपदेश ऐकले आहेत. परंतु त्याच अध्यायात पुढे एक लहानसा प्रसंग आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्या माणसास दृष्टी आल्यावर परूशी चौकशी आरंभितात आणि त्याच्या आईबापांस बोलावून घेतात. आईबाप भ्यालेले आहेत. खरे बोलावे तर सभास्थानातून बाहेर काढतील. म्हणून ते एवढेच कबूल करतात की, मुलगा आपला आहे आणि तो आंधळा जन्मला होता. बाकीचे त्या जाणत्या मुलाच्याच तोंडून ऐकून घ्यावे असे सुचवून ते मोकळे होतात. भीतीपोटी का होईना, त्यांच्या तोंडून योग्य तेच निघाले. मग तो मुलगा, ज्याने आजवर वाटेवर बसून भीक मागितली, त्या विद्वानांपुढे असा सडेतोड बोलतो की त्यांची पंचाईत होते. आमच्या वाचकांत सर्व धर्मांचे पालक आहेत. त्यांनी ही कथा केवळ कथा म्हणून वाचली तरी आमचे काम भागेल.

आपण रोजच्या व्यवहारात नेमके ह्याच्या उलट करतो. मनोरच्या बाजारात आम्ही एक तरुण पाहिला. वय पंचविशीच्या घरात असावे. आईबरोबर चपला घ्यावयास आला होता. दुकानदार भला मनुष्य. त्याने आईस विचारले, "मावशी, ह्याला कोणत्या दाखवू?" आई म्हणाली, "तपकिरीच द्या भाऊ, मळत नाहीत." पाय त्या तरुणाचे, चपला त्याच्या, आणि तो दोघांच्या मध्ये उभा. त्याचे बोट एका काळ्या जोडाकडे गेले होते व ओठ हालत होते. शब्द बाहेर पडेपर्यंत तपकिरी चपला कागदात बांधून झाल्या होत्या. कोणी कोणाशी वाईट वागले नाही, कोणी रागावले नाही. असे दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षे घडत गेले म्हणजे माणूस बोट उचलण्याचेही सोडून देतो, आणि मग आपण म्हणतो, ह्याला काही कळत नाही.

येथे एक गोष्ट शिक्षक ह्या नात्याने निक्षून सांगितली पाहिजे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे आकलन बहुधा त्यांच्या बोलण्याच्या पुष्कळ पुढे असते. तोंडाचे स्नायू सैल असतात, पुष्कळांस कमी ऐकू येते, आणि विचार मनात आल्यापासून त्याचा शब्द होईपर्यंत मध्ये काही क्षण जातात. ऐकणाऱ्यास ते क्षण लांब वाटतात. म्हणून तो वाक्य आपणच पुरे करतो, तेही चुकीचे. उच्चार अस्पष्ट म्हणजे विचार अस्पष्ट, ही समजूत आपण तोतऱ्या माणसाच्या बाबतीत केव्हाच टाकून दिली. ह्यांच्या बाबतीत ती अजून चालू आहे. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजावेत, एवढे साधे पथ्य दुकानदारास, डॉक्टरास, बँकेतील कारकुनास व आम्हां शिक्षकांसही पाळता येईल.

आणखी एका गोड शब्दाविषयी लिहिणे भाग आहे. अशा व्यक्तीस 'देवाचे लेकरू' म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि ख्रिस्ती घरांत ती विशेष आहे. भाव चांगला आहे हे आम्ही जाणतो. परंतु लेकरू कधी मोठे होत नाही. तीस वर्षांच्या स्त्रीस सर्व गावाने 'बेबी' म्हणत राहावे, तिच्या गालाला हात लावावा, तिला न विचारता तिचे केस कापावेत, हे त्या गोड शब्दाचेच फळ होय. शंभर वर्षांपूर्वी अशी मुले सरासरीने दहा-बारा वर्षेच जगत, तेव्हा लेकरू हा शब्द कदाचित शोभत असेल. आज हृदयाच्या शस्त्रक्रिया व औषधे ह्यांच्या योगाने प्रगत देशांत त्यांचे सरासरी आयुर्मान साठीच्या घरात गेले आहे. म्हणजे ती आता तरुण होतात, प्रौढ होतात आणि पुष्कळदा आईबापांच्या मागे उरतात.

महाराष्ट्रात ह्या मुलांसाठी काम झाले नाही असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत श्रीमती जय वकील ह्यांनी १९४४ साली आपल्या राहत्या घरी शाळा उघडली, ती आपली मुलगी दिना हिच्यासाठी. दिनेस डाऊन सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळा शहरात नव्हती. शिवडी येथील ती संस्था आज ह्या क्षेत्रात अग्रगण्य आहे. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' निघाली. मुंबईत सोफिया महाविद्यालयाच्या आवारात १९७३ साली सिस्टर गायतोंडे ह्यांनी 'साधना' शाळा सुरू केली. ह्या संस्थांनी हजारो घरांत उजेड आणला. परंतु ह्या सर्व कैवाराच्या कथा आहेत. पहिल्या संस्थेस नाव लाभले ते आईचे. जिच्यासाठी ती उघडली ती दिना होती, हे मुद्दाम सांगावे लागते.

आत्मकैवाराची कथा ह्याहून निराळी आहे. स्वीडनमध्ये १९६० नंतरच्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांनी आपली मंडळे स्थापून आपल्या सभा आपण चालविल्या. १९७४ साली अमेरिकेच्या ऑरेगॉन संस्थानात अशाच मंडळींनी एकत्र येऊन, आम्ही आधी माणसे आहोत, अपंगत्व त्यानंतर, ह्या अर्थाचे नाव आपल्या संघटनेस दिले. २०१७ साली फ्रँक स्टीफन्स ह्या डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणाने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली आणि आपले आयुष्य जगण्याच्या योग्यतेचे आहे हे तेथील प्रतिनिधींस तोंडावर सांगितले. आणि २०२३ साली स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया प्रांताच्या विधिमंडळात मार गाल्सेरान ह्या बाई सभासद म्हणून बसल्या. त्यांस डाऊन सिंड्रोम आहे. स्वतः कायदे करणाऱ्यांच्या बाकावर बसण्यापर्यंत ही मजल गेली आहे.

आपल्याकडील बदल पाहावयाचा असल्यास दोन मराठी चित्रपट शेजारी ठेवावेत. १९९१ साली 'चौकट राजा' आला. त्यात बुद्धीने लहान राहिलेल्या नंदूची भूमिका श्री. दिलीप प्रभावळकर ह्यांनी इतक्या समरसतेने केली की आजही ती आठवून पालकांचे डोळे भरून येतात. पुढे २०१४ साली 'येलो' आला. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिला डाऊन सिंड्रोम आहे. २००७ साली शांघाय येथील स्पेशल ऑलिंपिक स्पर्धांत तिने पदक मिळविले. तिच्या आयुष्यावरील ह्या चित्रपटात मोठ्या गौरीचे काम करावयास कोणी नामांकित नटी आणली नाही. ते गौरीनेच केले, आणि लहानपणीच्या गौरीचे संजना राय हिने. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या परीक्षकांनी दोघींचा विशेष उल्लेख केला. पहिल्या चित्रपटात थोर नटाने अशा माणसाचे सोंग उत्तम वठविले. दुसऱ्यात ज्याचे त्याने सांगितले. तेवीस वर्षांत पडलेले हे अंतर आम्हांस कोणत्याही परिषदेच्या ठरावाहून मोठे वाटते.

तथापि येथे एक सावधगिरीची सूचना. पदक मिळविले, चित्रपटात काम केले, इंग्रजीत भाषण ठोकले, म्हणून त्याचे ऐकावयाचे, असा नियम झाला तर तो मोठा अन्याय होईल. ज्याला चार शब्दच येतात, त्याचे ते चार शब्द ऐकले पाहिजेत. ज्याला एकही नीट येत नाही, त्याच्या हातात चित्रांचे पत्ते द्यावेत, खुणा शिकवाव्यात. चपलेचा रंग सांगावयास पदक लागत नाही.

कायदा ह्या बाबतीत आपल्या चालीरीतींच्या बराच पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा व्यक्तीस कायद्यापुढे इतरांइतकेच स्थान दिले आहे. पालक नेमावाच लागला तर तो मर्यादित असावा, म्हणजे ठरावीक बाबीपुरता, ठरावीक मुदतीपुरता, आणि त्याने त्या व्यक्तीच्या इच्छेस धरून, तिच्याशी मिळून निर्णय घ्यावा, असे कलम आहे. सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. हे सर्व पालकांनी जरूर मिळवावे. परंतु मतदानाचे पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून ते स्पष्ट लिहितो. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरविल्यावाचून कोणाचे नाव त्या कारणास्तव मतदार यादीतून गाळता येत नाही. डाऊन सिंड्रोम आहे एवढ्यावरून तर नाहीच. आणि गावच्या यादीतला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. आमच्या पालघर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांस मोठे अधिकार आहेत आणि त्या गाजतातही चांगल्या. तेथे अशा एखाद्या तरुणाने उभे राहून, आमच्या पाड्याचा हातपंप नादुरुस्त आहे, एवढे सांगितल्यास तो आपला हक्कच बजावील.

आता पालकांची बाजू. आईबाप म्हणतात, लोक हसतील. घरात आहे तोवर सुखात आहे. हे म्हणणारे त्याचे शत्रू नव्हेत. ज्यांनी रात्री जागून, रोजगार बुडवून, एस. टी. ने पालघर व तेथून लोकलने मुंबई अशा दवाखान्याच्या खेपा केल्या, त्यांस आम्ही काय शिकवावे? परंतु त्यांच्याच मनात रात्रंदिवस घोळणारा जो प्रश्न, आमच्यामागे ह्याचे कसे होणार, त्याच्या उत्तराचा मोठा भाग ह्या बोलण्यातच आहे. आपण अशा मुलांस सर्वांत आधी आज्ञाधारकपणा शिकवितो. जो सांगेल त्याचे ऐकावयाचे, जो बोलावील त्याच्याबरोबर जावयाचे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामुलींवर अत्याचार होण्याचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो, हे जगभरच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आढळून आले आहे. आणि जिला 'नको' म्हणावयास कधी शिकविलेच नाही, घडलेले सांगावयास शब्द दिले नाहीत, आणि सांगितले तरी आपले कोणी ऐकेल असा विश्वास दिला नाही, तिचे रक्षण चार भिंती किती करणार? चपलेचा रंग निवडणे ही क्षुल्लक गोष्ट आम्ही वर एवढी लांबवून लिहिली ती ह्याचसाठी. ज्यास काळा की तपकिरी असे कोणी विचारीत नाही, त्यास पुढे मोठ्या प्रसंगी नाही म्हणण्याचे बळ एकाएकी येत नाही.

रोजगाराविषयीही तसेच. मुंबईत जुहू येथे 'अर्पण' नावाचे उपाहारगृह आहे. तेथे बौद्धिक व विकासात्मक अपंगत्व असलेली प्रौढ मंडळी पदार्थ करतात, गिऱ्हाइकांस विचारतात, वाढतात आणि पगार घेतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माल मोजून पेट्यांत भरण्याची, चिठ्ठ्या लावण्याची कामे रोज निघतात. अशा कामावर एखाद्यास घ्यावयाचे ठरल्यास मुलाखत त्याची घ्यावी, त्याच्या बापाची नव्हे.

शाळेने काय करावे? २१ मार्चचे जे समारंभ होतात, त्यांची तऱ्हा पुष्कळदा अशी असते : व्यासपीठावर पाहुणे, पाहुण्यांची करुणरसपूर्ण भाषणे, आणि पुढल्या रांगेत फुगे हातात देऊन बसविलेली ती मुले, ज्यांच्याविषयी भाषणे चालली आहेत. त्या दिवशी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालण्याची चालही जगभर पसरली आहे. मुलांना मौज वाटेल, जरूर घालावेत. मात्र आमच्याकडील कित्येक मुलांच्या पायांत मुळी मोजेच नसतात, त्यामुळे मनोरास दुसरा काही उपाय शोधावा लागेल.

आमची सूचना अशी. येत्या मार्चमध्ये, परीक्षांची गडबड सांभाळून, मनोर व आसपासच्या पाड्यांतील अशा तरुण-तरुणींस विद्यालयाने वक्ते म्हणून बोलवावे, आणि विद्यार्थ्यांनी व पालकांनी श्रोते व्हावे. विषय त्यांनी निवडावा. क्रिकेटवर बोलावयाचे असेल तर क्रिकेटवर. शेजारी आई किंवा भाऊ बसला तरी चालेल, पण उत्तर त्याने देऊ नये. दर वक्त्यास नेहमीच्या दुप्पट वेळ द्यावा. ज्यांस मनोरपर्यंत येणे जमत नाही, त्यांच्याकडे आपण जावे. ह्याच जिल्ह्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. आमचे नववीचे विद्यार्थी चार-चारांच्या तुकड्या करून एक रविवार पाड्यांवर गेले, तेथील अशा तरुणांशी बोलले, आणि त्यांस काय हवे ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणले, तर पुढील वार्षिकात ते छापण्यास आम्ही जागा राखून ठेवू. भाषा सुधारू नये. आणि समारंभाच्या पत्रिकेवर वक्त्यांची नावे छापावयाची ती 'बेबी', 'बाळू' अशी घरगुती नव्हेत, कु., श्रीमती वा श्री. लावून, आडनावासह पूर्ण छापावीत, आणि कशी छापावीत तेही त्यांनाच विचारून घ्यावे.